पोटमाळ्यावरचा काळोख

माझ्या हातून तुळससुद्धा जगत नाही. आईने दोनदा लावून दिली आणि दोन्ही वेळा मी ती मारली, एकदा पाणी घालून घालून आणि एकदा पाणी घालायचं विसरून. त्यामुळे विक्रोळीच्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या पोटमाळ्यावर मी गांजाची तीन झाडं वाढवली होती असं कुणाला सांगितलं, तर माणूस आधी हसेल आणि मग उठून दार लावून घेईल. म्हणून मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमचे आजोबा कोकणातून येऊन गिरणीत लागले, बाबा कंपनीत इलेक्ट्रिशियन झाले आणि मी घरी बसून कानाला हेडफोन लावून परक्या माणसांच्या शिव्या खाण्याची नोकरी करते. तीन पिढ्यांची प्रगती म्हणतात ती हीच. लग्न मोडून मी आईबाबांकडे परत आले तेव्हा बाबा निवृत्त झालेले होते आणि दिवसभर घरातले पंखे उघडून साफ करत बसायचे. पंखे बिघडलेले नसायचेच. धाकटा भाऊ बोरीवलीला, सासरवाडीच्या जवळ राहतो. येतो रविवारी, जातो रविवारी.

बाबांचा कॅन्सर प्रोस्टेटमधून हाडांत उतरला होता. डॉक्टर म्हणाले, दिवाळी बघतील. ते ज्या सुरात म्हणाले त्यावरून आम्ही खूश व्हायला हवं होतं, असं वाटलं. दिवाळी बघतील म्हणजे काय, तर तोवर रोज चादर बदलताना त्यांना कुशीवर वळवावं लागणार आणि रोज ते खाटेचा गज धरणार. बाबा ओरडणारे नव्हते. कंपनीत एकदा करंट लागून ते शिडीवरून पडले होते, तेव्हासुद्धा म्हणे पहिल्यांदा विचारलं, मेन कोणी चालू केला. पण वळवताना त्यांच्या तोंडून एक आवाज निघायचा. तो आवाज माझ्या बापाचा आहे हे मला पटायला बरेच दिवस लागले.

हॉस्पिटलातून मॉर्फिनच्या गोळ्या मिळत होत्या. त्या घेतल्या की बाबांना उलट्या व्हायच्या आणि भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसायच्या. डॉक्टरांनी डोस खालीवर करून पाहिला, दुसऱ्या गोळ्या दिल्या. मुंग्या गेल्या, पण दुखणं परत आलं. चिठ्ठीवर मिळणारं कसलंसं आयुर्वेदिक तेलही भावाने मागवलं. बाटली संपली, दुखणं तिथल्या तिथे. मला तेव्हा सगळ्यांचाच राग यायचा. डॉक्टरांचा, गोळ्यांचा, रस्त्यावरून धडधाकट चालणाऱ्या म्हाताऱ्यांचा. खोटं कशाला सांगू, शेजारचे काका सकाळी हसत दुधाची पिशवी आणायला निघाले की मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटायचं.

शिमग्यानंतरच्या एका रविवारी भाऊ आला आणि मला स्वयंपाकघरात बोलावून त्याने खिशातून काड्यापेटी काढली. आत काड्या नव्हत्या, सुकलेला हिरवा पाला होता.

"ताई, ओरडू नको ना. ऑफिसातल्या एकाच्या आईला दिला होता. झोपली म्हणे ती बाई."

"तू पितोस?"

"कॉलेजात प्यायचो यार. आता काय त्याचं? बाबांना दे ना."

मी आईकडे पाहिलं. मला वाटलं ती पोराच्या कानफटात वाजवेल. आईने काड्यापेटी हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "दुधात उकळूक व्हयो ह्यो." शंकराच्या देवळात शिवरात्रीला भांग घोटताना तिने लहानपणी पाहिली होती, तेवढंच तिचं शिक्षण. तिने ताटलीत पाला ओतला, तांदूळ निवडावेत तसा निवडला, काड्या बाजूला काढल्या, बिया बाजूला काढल्या, आणि उरलेलं तुपावर परतून गूळ घालून दुधात उकळलं.

बाबा ते प्यायले आणि दुपारी झोपले. तोंड उघडं टाकून, हात पसरून झोपले. आम्ही तिघं आळीपाळीने जाऊन श्वास चालू आहे ना ते बघून येत होतो. उन्हं उतरली तेव्हा ते जागे झाले आणि म्हणाले, "बांगडो आसा काय?" घरात बांगडा नव्हता. भाऊ धावत मार्केटात गेला. बाबांनी आईने केलेल्या झणझणीत तिखल्यातला अर्धा बांगडा काटे काढून स्वतःच्या हाताने खाल्ला आणि आईला सांगितलं की तिरफळं कमी पडली. कित्येक आठवड्यांत त्यांनी कुठल्या गोष्टीला नावं ठेवली नव्हती. आई आत जाऊन ओट्यापाशी रडली आणि बाहेर येऊन म्हणाली, तिरफळं महाग झाली आहेत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खाटेचा गज. पण आता आम्ही ती दुपार पाहिली होती. एकदा पाहिल्यावर ती नव्हती असं समजून राहता येत नाही.

भावाला काड्यापेटी देणाऱ्या माणसाला पुढच्याच आठवड्यात पोलिसांनी उचललं. भाऊ घाबरला. त्याची पोरगी तेव्हा बालवाडीत, बायको पुन्हा गरोदर. "माझी वाट लागेल, ताई," तो फोनवर म्हणाला. दुसरीकडून आणावं तर त्यात काय काय मिसळतात देव जाणे, असंही त्याचं म्हणणं. मी त्याला वाट्टेल ते बोलले आणि फोन ठेवला. मग रात्रीच्या भांड्यांपाशी आई सहज म्हणाली, बिया आसत.

बिया तिने ठेवल्या होत्या. आमच्याकडे बी टाकत नाहीत. पडवळाचं, दुधीचं, चिबुडाचं, कशाचंही बी असो, आई ते राखेत घोळून पुरचुंडीत बांधून ठेवते. विक्रोळीच्या तिसऱ्या मजल्यावर पडवळ कुठे लावणार, हा प्रश्न तिला पडत नाही. चूल नाही म्हणून ती उदबत्तीची राख साठवते. त्या राखेत, चिबुडाच्या बियांशेजारी, गांजाच्या बिया होत्या. "बी कधी टाकूचा नसता," ती म्हणाली. म्हणजे हा उद्योग आईच्या राखेतून निघाला. मी फक्त पाणी घातलं.

तसं ते सोपं नव्हतं. घरात झाड वाढवायचं तर ऊन पाहिजे, आणि आमच्या खिडकीत ऊन येतं ते समोरच्या इमारतीच्या मेहेरबानीने, तासभर. शिवाय खिडकीत ठेवणार कसं? एक रोप सापडलं तरी गुन्हा. राहता राहिला पोटमाळा. तिथे गोधड्या, पाहुण्यांच्या गाद्या, पितळेची भांडी आणि गणपतीचं लाकडी मखर होतं. मी गाद्या एका बाजूला सारल्या, तेलाचे तीन डबे कापून कुंड्या केल्या आणि मोबाइलवर परदेशातल्या पोरांचे व्हिडिओ बघत बसले. ती पोरं फार हसतात. त्यांच्याकडे खास तंबू असतात, पंखे असतात, माती मोजायचं यंत्र असतं. माझ्याकडे आईच्या जुन्या साडीचा पडदा होता.

दिव्याचं काम बाबांनी केलं. म्हणजे हात माझे आणि डोकं त्यांचं. एलईडीच्या पट्ट्या आणि आपोआप चालू-बंद करणारा टायमर मी आणला, पण जोडायचा कसा ते कळेना. शेवटी मी वायरी घेऊन खाटेपाशी जाऊन बसले.

"काय करतंस वर?" बाबांनी विचारलं.

"औषधी झाड लावतेय."

"औषधी झाडाक दिवो कित्याक?"

मी वायरीचं टोक बोटाला गुंडाळलं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग छताकडे बघून म्हणाले, "आमच्या देवळामागे ह्या असाच उगवता." एवढंच. पुढचा तासभर त्यांनी मला वायरी सोलायला लावल्या. "न्यूट्रल खंयचो ता बघ आधी. हात ओलो नाय मां? शाळेत काय शिकलंस गो?" आजारी पडल्यापासून पहिल्यांदा ते माझ्यावर ओरडत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी मुद्दाम एकदा चुकीची वायर उचलली. दिवा लागला तेव्हा खाटेवरून त्यांना दिसला नाही. त्यांनी विचारलं, लागलो? मी म्हटलं, लागला. त्यांनी डोळे मिटले.

सात-आठ बिया पेरल्या, तीन उगवल्या. पहिली दोन पानं साधी, मग कातरलेली. लहानपणी ते रोप झेंडूसारखं दिसतं. मी पाणी घालत होते, आणि माझ्या नकळत आईही घालत होती. तिच्या गुडघ्यांना शिडी चढवत नाही, म्हणून ती काठीला तांब्या बांधून खालूनच ओतायची. नुसतं पाणी नाही, मासे धुतलेलं पाणी. गावाला मिरच्यांना आणि कढीलिंबाला तेच घालतात ना! एक रोप पिवळं पडायला लागलं आणि पोटमाळ्यावर मांजर येऊन बसायला लागलं, तेव्हा मला कळलं. मी डोकं आपटून घ्यायची बाकी होते.

"आई, हे झाड तुझ्या मिरच्यांसारखं नाही."

"झाड ता झाड," आई म्हणाली. आणि खरं सांगायचं तर त्या पाण्याने उरलेली दोन अशी फोफावली की व्हिडिओतल्या पोरांनी तोंडात बोटं घातली असती. पिवळं रोपही मागाहून सावरलं. आईने मला त्यावरून आठवडाभर ऐकवलं.

शेजारच्या काकूंनी दारात विचारलंच, "काय गं, तुमच्याकडे हल्ली कसला वास येतो?" मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "तेंच्यासाठी काढो करतंय, दशमुळांचो." काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी आईचा हात दाबला आणि संध्याकाळी खिचडी पाठवली. ती खिचडी मी आईच्या ताटात सारली, कारण काकू चांगल्या होत्या आणि आम्ही उद्या पकडले गेलो असतो तर जबाब द्यायला त्यांनाच बोलावलं असतं. मी रोज जिन्यावर बुटांचा आवाज आला की फोनवरच्या गिऱ्हाइकाला होल्डवर टाकून कान द्यायचे.

वटपौर्णिमा झाली तेव्हा झाडं गुडघ्याच्या वर गेली होती. पाल्यात फार दम नसतो, औषध असतं ते फुलात, आणि हे झाड फुलतं ते दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की. घरात वाढवताना तो हिवाळा आपण खोटा आणायचा. संध्याकाळी लवकर दिवा बंद आणि मग सकाळपर्यंत संपूर्ण काळोख. वरचा दिवा गेला की स्वयंपाकघरातली ट्यूबही आम्ही लावत नव्हतो. मी बाबांना विचारून टायमर फिरवला. त्यांना हा प्रकार फार आवडला. झाडाला फसवायचं म्हणजे काय, हे त्यांनी मला दोनदा समजावून सांगायला लावलं.

त्या दिवसापासून ते रोज सकाळी विचारायला लागले, "फुलां इली काय गो?"

आधी ती गंमत होती. मी म्हणायचे, आज नाही, उद्या यायची आहेत, तिकीट काढलंय. ते हसायचे. मग आषाढ संपला, श्रावण लागला, आणि गंमत संपली. ते आता खात नव्हते. मांड्या हाताच्या मनगटाएवढ्या झाल्या होत्या. वळवताना आधी आवाज एकदा यायचा, आता हात लावायच्या आधीच सुरू व्हायचा. तो थांबला की थोड्या वेळाने, श्वास गोळा करून, विचारायचे, "फुलां?" मी मान हलवायचे. फुलं येत नव्हती. झाडं नुसती वाढत होती, पोटमाळ्याच्या छताला टेकून वाकली होती, पानं गच्च हिरवी. वेळेवर मरत नाहीत, वेळेवर फुलत नाहीत. मी त्या झाडांना शिव्या घालायचे. मोबाइलवर एका अनोळखी माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, काळोखात कुठून तरी उजेड शिरत असेल. मी रागाने लिहिलं, आमच्याकडे काळोखच काळोख आहे.

गणपती जवळ आले. बाबांच्या अशा अवस्थेतही गणपती आणायचा यात घरात कुणाला शंका नव्हती. कोकणातला माणूस कर्ज काढेल, पगार बुडवेल, पण गणपती चुकवणार नाही. भावाने मूर्ती सांगून ठेवली. आई म्हणाली, मखर खाली काढ. टायमरने दिवा बंद केल्यावर वर चढायचं नाही असा मी स्वतःच नियम केला होता, पण त्या दिवशी कामावरून उठायला उशीर झाला आणि मी दिवेलागणीनंतर, उजेड न लावता, चाचपडत चढले. मखरापर्यंत जायला पडद्याच्या आत शिरावं लागलं. आत गेले आणि मागे वळून पाहिलं तर पानं दिसत होती. काळोखात पानं दिसायला नकोत. ती तांबडी दिसत होती.

पडद्याच्या खाली हवेसाठी मी वीतभर फट ठेवली होती. त्या फटीतून समोरच्या भिंतीवरचं देवघर दिसत होतं, आणि देवघरात तांबडा झिरोचा बल्ब लागलेला होता. तो नेहमीच लागलेला असतो. माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्याकडे देवाचा दिवा रात्रंदिवस असतो. आधी समई होती. आई रात्री उठून तेल घालायची आणि सकाळच्या पाळीचा डबा करायलाही उठायची, म्हणून बाबांनी कधीतरी तिच्यासाठी हा बल्ब लावला. तो बल्ब आम्हाला दिसतच नव्हता. घरात शिरल्यावर स्वतःच्या घराचा वास येत नाही, तसं होतं ते. मला दिव्याच्या वायरी कळल्या, टायमर कळला, परदेशातल्या पोरांची भाषा कळली, आणि देवघर तेवढं डोळ्यांसमोर असून दिसलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी फट काळ्या प्लास्टिकने बंद केली. श्रावणातली दमट हवा आत कोंडली आणि चार-पाच दिवसांत एक झाड बुडापासून कुजलं, उरलेल्या दोन्ही झाडांच्या पानांवर पांढरी भुरी धरली. प्लास्टिक काढावं लागलं. तेव्हा मी आईला म्हटलं की रात्रीपुरता बल्ब बंद करू.

"काय?"

"रात्रीपुरता, आई. सकाळी लाव."

"घरात माणूस खाटेवर, आणि देवाचो दिवो घालवू?"

"मग वरून फडकं टाकू. उजेड बाहेर आला नाही म्हणजे झालं."

आईने हातातली विळी बाजूला ठेवली. "देव सुतकात झाकतत," ती म्हणाली. "ते जिते आसताना झाकू? तुझी अक्कल खंय गेली?"

मी ऐकलं नाही. मी म्हटलं, तुझ्या देवाला काळोखाची भीती वाटते का? म्हटलं, बाहेर माणूस तडफडतोय आणि तुला दगडाच्या डोळ्यांवर उजेड पाहिजे. मला अजून पुष्कळ म्हणायचं होतं, पण बाहेरून बाबांनी हाक मारली. भिंत काय, पातळच. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

मी खाटेपाशी गेले. त्यांचा आवाज तेव्हा फार खाली गेला होता, वाकून ऐकावं लागायचं.

"तो बल्ब मीयाच लायलेलो," ते म्हणाले.

"माहीत आहे, बाबा."

"तिका काय बोला नको." त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. "गणपती होवंदेत. मगे घालव."

आईही तेच म्हणाली. तिनेही रडून, विचार करून, संध्याकाळी भाजी चिरताना तेच सांगितलं. देव घरात येऊन जाऊ देत, गौरी जाऊ देत, मग रात्रीचा घालव, मी काय बोलायची नाही. नवरा-बायकोने एकमेकांशी न बोलता एकच ठराव केला होता. माझ्या मनात आलं, हे दोघं मिळून मला वेड लावणार. आणि तरी मी बल्बला हात लावला नाही. लावता आला असता. आई झोपल्यावर बटण दाबायला कितीसा वेळ लागतो? पण ज्याचं दुखत होतं त्यानेच थांब म्हटलं, त्यापुढे काय करणार?

बाबा गणपतीच्या आधल्या आठवड्यात गेले. सकाळ होती. आई त्यांचं तोंड पुसत होती आणि मी चादर घेऊन उभी होते. त्यांनी खाटेचा गज सोडला. मला पहिल्यांदा वाटलं की आज दुखत नाहीये.

भाऊ आला, माणसं आली. सुतकात आपण देवाला हात लावत नाही, म्हणून शेजारच्या काकू आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या. त्यांनी देवांवर धुतलेलं पांढरं फडकं घातलं आणि मागे हात घालून बल्बचं बटण बंद केलं. मी दारात उभी राहून ते पाहिलं. टक, एवढाच आवाज झाला. आईने पाहिलं की नाही मला माहीत नाही, ती बाहेर बाबांच्या डोक्याशी बसली होती.

नेऊन आल्यावर खाट उचलली आणि त्या जागेवर परातीत पीठ पसरून त्यात पणती ठेवली, वर टोपली. गेलेलं माणूस येऊन गेलं की पिठात ठसा उमटतो म्हणतात. पणती विझू द्यायची नाही. आई तिच्यापाशीच बसून असायची, तेल घालत. यंदा गणपती नाही, असं भाऊ मूर्तिकाराला सांगून आला. चतुर्थीला चारी बाजूंनी आरत्या ऐकू यायला लागल्या, वरच्या मजल्यावर झांजा, खालच्या मजल्यावर झांजा, आणि मधे आम्ही. अर्धं जोडलेलं मखर भिंतीला टेकून उभं होतं. कुणीतरी त्यावर टॉवेल वाळत घातला होता.

दिवा मात्र वर रोज लागत होता आणि रोज बंद होत होता. बाबांनी जोडून घेतलेला टायमर, त्याला सुतक नव्हतं. मी दोन-तीन दिवसांनी सवयीने चढायचे, डब्यात पाणी ओतायचे आणि न बघता उतरायचे. टाकून द्यायचीच होती ती झाडं, पण ती टाकायला उठावं लागलं असतं.

मग गावाहून फोन आला की काका-काकी आणि चुलत भाऊ बाराव्याला निघतायत. भाऊ म्हणाला, "ताई, गाद्या लागतील. पोटमाळा रिकामा कर आजच्या आज. काकांनी बघितलं तर गावभर होईल." दुपारच्या आत ती झाडं कापून, पिशवीत घालून, त्याने खाडीकडे नेऊन टाकायची असं ठरलं. मी कात्री घेऊन शिडी चढले, साडीचा पडदा सरकवला, आणि शेंड्याला हात घातला तर बोटांना काहीतरी मऊ, चिकट लागलं.

प्रत्येक पानाच्या बेचक्यात पांढरे बारीक दोरे फुटले होते. शेंड्याला त्यांचा झुबका. दोन्ही झाडांना. मी खाली वाकून फटीतून बघितलं. समोर देवघर काळंभोर होतं आणि फडक्याखाली देव कुठे आहेत तेही कळत नव्हतं. जेवढा काळोख हवा होता तेवढा मिळाला होता.

 भावाने खालून हाक मारली तेव्हा कात्री तिथेच ठेवून उतरले. आई पणतीपाशी बसली होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"काय झाला?"

मी काही नाही म्हणायला हवं होतं. इतके महिने काकूंना, ऑफिसला, सगळ्यांना मी काही नाही म्हणत आले होते. पण ते तोंडातून निघेना.

"फुलं आली," मी म्हटलं.

आईने मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथून फडकं दिसतं. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं जे खाली घसरलं, ते पाहून मी घाईघाईने खाली बसले आणि बोलत सुटले. म्हटलं, आई, ऐक, आत्ता नुसते दोरे आहेत, पिकायला अजून दोन महिने लागतात, त्या दिवशी बल्ब घालवला असतास तरी बाबांपर्यंत पोचलं नसतं, देवाशप्पथ. आणि ते खरं होतं. मी रात्ररात्र व्हिडिओ पाहिले होते, मला माहीत होतं.

"गप रव," आई म्हणाली.

तिने टोपली उचलली. बुधलीतून पणतीत तेल घातलं, बोटाने वात पुढे सरकवली आणि बोट स्वतःच्या केसांना पुसलं. मग ती पुढे वाकली आणि जेवायला वाढलंय हे सांगताना तिचा जो आवाज असायचा, त्याच आवाजात पिठाकडे बघून म्हणाली,

"ओ, आयकलात? फुलां इली."

भाऊ दारात पिशवी घेऊन उभा होता. मी पुन्हा वर चढले आणि दोन्ही झाडं बुडापासून कापली. गावची मंडळी पनवेलपर्यंत आली होती.